जनसुनावणीतील रिकाम्या खुर्च्या

(हिंगोली येथे कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी म्हणून आपण वंदन करतो, औंढ्याचा नागनाथ ज्योतिर्लिंग म्हणून पूजतो आणि याच जिल्ह्यातल्या कडोळीत ११ ऑक्टोबर १९१६ रोजी नानाजी देशमुखांचा जन्म झाला, याचा सार्थ अभिमान बाळगतो. अशा भूमीत व्याख्यानासाठी उभे राहणाऱ्याकडून काही उदात्त विषयाची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. माझा आजचा विषय मात्र सरकारी कागदांचा आहे. कोणताही मोठा प्रकल्प उभा राहण्यापूर्वी त्याला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि ती मागताना प्रकल्पाचा जमीन, पाणी, हवा व माणसे यांवर काय परिणाम होईल, याचे मूल्यांकन सादर करावे लागते. या प्रक्रियेविषयी मी बोलणार आहे. विषय रूक्ष वाटेल, परंतु हिंगोली जिल्ह्याच्या पुढील पन्नास वर्षांच्या पाण्याचा आणि शेतीचा हिशेब या कागदांत लिहिला जाणार आहे. तो कोणी लिहायचा, हा आजचा प्रश्न आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला जिल्हा अनुशेषाची भाषा ऐकतच वाढला. सिंचन अपुरे, उद्योग तुरळक, तरुण पुण्या-मुंबईच्या वाटेवर. अशा ठिकाणी प्रकल्प येतो म्हटले की मन आनंदते. त्यात कोणी पर्यावरणाचा प्रश्न काढला की ‘हा विकासाचा शत्रू’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. प्रत्येक प्रकल्पाला विरोध हाच ज्यांचा व्यवसाय झाला आहे, अशा मंडळींनी हा शिक्का मारणाऱ्यांचे काम सोपे करून ठेवले आहे. परिणाम असा की, एका बाजूला सरसकट विरोध करणारे, दुसऱ्या बाजूला डोळे मिटून स्वागत करणारे, आणि ज्याच्या विहिरीचे पाणी पणाला लागले आहे तो शेतकरी मधल्या मध्ये मुका, असे दृश्य दिसते. आपले कार्यकर्ते गावोगाव आहेत, त्यांचा शब्द ऐकला जातो. म्हणून हा विषय मी आपल्यापुढे मांडतो आहे.

कायदा काय सांगतो?

येलदरी, सिद्धेश्वर आणि इसापूर ही आपल्या परिसरातील मोठी धरणे उभी राहिली, तेव्हा विस्थापित होणाऱ्या गावकऱ्यांना ‘तुमचे म्हणणे काय?’ असे विचारण्याचे बंधन कोणावर नव्हते. अमेरिकेत असा कायदा १९७० पासून लागू झाला होता. आपल्याकडे भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी परिणाम मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली. १९९७ मध्ये तिच्यात जनसुनावणीची भर पडली. पुढे १४ सप्टेंबर २००६ रोजी नवी अधिसूचना आली. अनेक दुरुस्त्यांनंतर आजही सारा कारभार तिच्याच आधारे चालतो. २०२० मध्ये तिच्या जागी नवा मसुदा आणण्याचा प्रयत्न झाला, पण देशभरातून लाखो हरकती आल्या आणि तो मसुदा अंतिम झाला नाही.

२००६ च्या अधिसूचनेची चौकट समजायला अवघड नाही. मोठे प्रकल्प ‘अ’ वर्गात; त्यांचा निर्णय केंद्रात. तुलनेने लहान प्रकल्प ‘ब’ वर्गात. त्यांचा निर्णय राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे. प्रक्रियेचे टप्पे चार. पहिल्या टप्प्यात ‘ब’ वर्गातील प्रकल्पाला सविस्तर अभ्यासाची गरज आहे की नाही हे ठरते. दुसऱ्यात अभ्यासाची कार्यकक्षा, म्हणजे कोणकोणत्या प्रश्नांची उत्तरे अर्जदाराने शोधायची ते निश्चित होते. तिसरा टप्पा लोकांचे म्हणणे ऐकण्याचा. चौथ्या टप्प्यात तज्ज्ञ समिती सारे तपासून शिफारस करते. यांपैकी तीन टप्पे कार्यालयांत पार पडतात. मंडप घालून, गावाजवळ, सर्वांसमक्ष होतो तो तिसरा. काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट आहे हे खरे, पण ज्यांना सूट नाही त्यांच्या सुनावणीतही आपली खुर्ची रिकामी असते.

दुधाळ्याचा धडा

या प्रक्रियेचे मर्म समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. औंढा तालुक्यातील दुधाळ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांनी अशी लहर प्रथम टिपली. योगायोग पाहा, आपल्या अधिसूचनेचीही तारीख १४ सप्टेंबरच. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातील वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. विश्वाच्या कानाकोपऱ्यातील कृष्णविवरांच्या टकरीचा कंप आपल्या औंढ्याच्या माळावर मोजला जाणार, ही आपल्या साऱ्यांना अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे.

पण दुधाळाच का? चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांमध्ये लेझरचा किरण ये-जा करणार आणि प्रोटॉनच्या व्यासाच्याही कित्येक हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपणार. अशा यंत्राला शांत जमीन लागते. म्हणून देशातील अनेक जागा पाहिल्या गेल्या आणि जमिनीचा नैसर्गिक कंप मोजला गेला. लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेला सुरुवातीच्या काळात आसपासच्या वनातील झाडतोडीच्या हादऱ्यांमुळे दिवसा काम करणे कठीण जात असे. त्यासाठी कंपरोधक यंत्रणा नव्याने बसवावी लागली. वैज्ञानिकांचा नियम साधा आहे. बदल ओळखायचा असेल, तर बदलापूर्वीची स्थिती आधी नेमकी मोजून ठेवावी लागते.

परिणाम मूल्यांकनाचाही पाया हाच आहे. प्रकल्पापूर्वी विहिरीत पाणी किती हातांवर होते, नदीच्या पात्रात वाळूचा थर किती होता, हवेत धूळ किती होती, याची नोंद नसेल, तर पाच वर्षांनी ‘आमचे पाणी गेले’ असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यापाशी पुरावा कोणता? ‘पाऊस कमी झाला’ एवढे एक वाक्य त्याचे तोंड बंद करायला पुरते. वेधशाळेसाठी आपण जमिनीचा कंप मोजला. मग कयाधूचे पात्र आणि वसमतच्या विहिरी मोजायला आपले हात कोणी बांधले आहेत?

वाळू, मुरूम आणि मळी

आता जिल्ह्यातील प्रत्यक्ष विषयांकडे वळू. पहिला वाळूचा. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या आपल्या नद्या. नदीतील वाळू म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारा स्पंज. तो काढून घेतला की पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणी पात्राकडे ओढले जाते. हळद शेतात आठ-नऊ महिने उभी असते आणि तिला शेवटपर्यंत पाणी लागते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा आनंद आपण साजरा केला. त्या मानांकनाची मुळे नदीकाठच्या ओलाव्यात आहेत, हे आपण विसरता कामा नये.

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. त्यानंतर १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने प्रत्येक जिल्ह्याचा वाळू सर्वेक्षण अहवाल बंधनकारक केला. कोणत्या पात्रात किती वाळू आहे, दरवर्षी किती नव्याने येते आणि किती काढता येईल, हे त्यात सांगायचे असते. या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्ह्याच्या संकेतस्थळावर एकवीस दिवस ठेवून लोकांच्या सूचना मागवायच्या आणि दर पाच वर्षांनी तो अद्ययावत करायचा, असा नियम आहे. २०१६ मध्ये लहान पट्ट्यांना मंजुरी देण्याचा अधिकार जिल्हा पातळीवर आला होता. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१८ मधील आदेशांनंतर ते काम पुन्हा राज्य पातळीवर गेले. पण अहवालाचे महत्त्व कायम राहिले. रात्री धावणाऱ्या टिप्परविषयी आपण पारावर तावातावाने बोलतो. त्या एकवीस दिवसांत आपल्या गावच्या पात्राविषयी लेखी सूचना किती जणांनी दिली, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

दुसरा विषय मुरमाचा. रस्ता म्हटला की मुरूम आला. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने रस्त्यांसारख्या लांब पट्ट्यातील कामांसाठी साधी माती-मुरूम काढण्यास मंजुरीतून सूट दिली. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण सूट देताना तिला मर्यादा घातल्या नव्हत्या आणि लोकांचे म्हणणेही ऐकले नव्हते. ‘मग रस्ते कसे होणार?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बुलढाणा जिल्ह्याने देऊन ठेवले आहे. महामार्गासाठी लागणारा मुरूम तलाव आणि नाले खोल करून काढायचा; रस्त्याला मुरूम, गावाला पाणी. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून नितीन गडकरी यांनी त्याचा पुरस्कार केला. थोडी कल्पकता दाखवली की तोच खड्डा गावाला शाप ठरण्याऐवजी तळे होतो.

तिसरा विषय ऊस आणि मळीचा. दररोज ५,००० टनांहून अधिक गाळप करणाऱ्या साखर कारखान्याला आणि मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनीला ही मंजुरी लागते. इथेनॉल ही देशाची गरज आहे. त्यामुळे तेलाच्या आयातीवरचा खर्च वाचतो आणि ऊसउत्पादकाला आधार मिळतो. पण मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर तपकिरी, दर्पयुक्त सांडपाणी तयार होते. ते आटवून जाळायचे, खतात मुरवायचे की अंधाऱ्या रात्री ओढ्यात सोडायचे, यावर खालच्या गावांचे आरोग्य अवलंबून असते. सुनावणीत ‘आमच्या पोरांना नोकरी द्या’ एवढीच मागणी करून आपण घरी आलो, तर हा प्रश्न कोण विचारणार?

देवाच्या वाटेवरही प्रश्न विचारावे लागतात

एका नाजूक विषयाला हात घालतो. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या जाहीर आखणीत आपला जिल्हा आहे. शक्तिपीठे आणि तीर्थक्षेत्रे जोडणारा रस्ता व्हावा, नागनाथाच्या दर्शनाला देशभरातून भाविक यावेत, ही भावना आपल्या सर्वांच्या मनात आहे. त्याच वेळी बागायती हळदीचे शेत ज्यांच्या हातून जाणार, त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे आणि तेही आपलेच लोक आहेत. त्यातले कित्येक जण पंढरीची वारी करणारे आहेत. त्यांचा विरोध म्हणजे धर्माला विरोध, असे कोणी म्हणत असेल तर ते अन्यायाचे आहे.

अशा वेळी कार्यकर्त्याने काय करावे? रस्ता हवा की नको, या वादात दोन तट पडण्यापूर्वी त्याने नेमके प्रश्न हातात घ्यावेत. भराव उंच असेल, तर पावसाचे पाणी कोणत्या बाजूला तुंबेल? मोऱ्या किती आणि कोठे? शेताचे दोन तुकडे झाले, तर बैलगाडी आणि ट्रॅक्टर पलीकडे कसा जाईल? मुरूम कोणत्या गटातून येणार? आखणीत जाणाऱ्या विहिरींची मोजणी झाली का? बागायतीऐवजी माळरानातून जाणारा पर्याय तपासला का, आणि नाकारला असेल तर कोणत्या कारणाने? पर्यायांचा विचार हा परिणाम मूल्यांकनाचा अनिवार्य भाग आहे. या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली, तर रस्ताही चांगला होईल आणि समाजही दुभंगणार नाही. देवाच्या नावाने होणाऱ्या कामात तर हिशेब अधिकच चोख हवा.

सुनावणीत घडते काय?

पत्रकार म्हणून मी अनेक जनसुनावण्यांना बसलो आहे. चित्र बहुधा एकसारखे असते. मंडप, पुढे अधिकारी, पडद्यावर रंगीत चित्रे, सल्लागाराचे इंग्रजी शब्दांनी भरलेले निवेदन. नंतर दोन-तीन पुढारी प्रकल्पाचे स्वागत करतात, दोन-तीन जण घोषणा देऊन निघून जातात, आणि उरलेले नोकरीविषयी विचारतात. इतिवृत्तात ओळ पडते : स्थानिकांनी रोजगाराची मागणी केली. तज्ज्ञ समितीपुढे आपल्या गावाचा आवाज म्हणून जाते ती ही एवढीच ओळ.

वस्तुतः नियम आपल्या बाजूने बरेच काही देतो. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांतून द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला ठेवावा लागतो आणि त्याचा सारांश मराठीत असावा लागतो. सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी यांच्याहून कमी दर्जाचा नाही असा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. साऱ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचे असते आणि त्याच दिवशी त्यावर स्वाक्षरी व्हायची असते. उपस्थितीची किमान संख्या ठरलेली नाही. म्हणजे दहाच माणसे आली तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. बहिष्कार टाकल्याने ती थांबत नाही, आपले म्हणणे मात्र नोंदीबाहेर राहते.

सुनावणीत मतदान होत नाही. हात वर करणारे शंभर आणि विरोधात पाचशे, अशा मोजणीला तेथे स्थान नाही. तेथे वजन असते ते मुद्द्याला. ‘आम्हाला प्रकल्प नको’ या वाक्यापेक्षा ‘माझ्या विहिरीला मार्चअखेर पंधरा हातांवर पाणी असते, आपल्या अहवालात या शिवारात विहीरच दाखवलेली नाही’ हे वाक्य शतपट प्रभावी, कारण अर्जदाराला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते.

अहवाल वाचायचे कष्ट का घ्यावेत, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील बॉक्साइट प्रकल्पाच्या अहवालामधला मजकूर उतरवलेला आढळला होता. कोकणातील निसर्गाचे वर्णन रशियातील कागदावरून! कोणीतरी ओळ न् ओळ वाचली म्हणून ते उघडकीस आले. आता सल्लागार संस्थांना अधिस्वीकृती सक्तीची आहे, तथापि त्यांचे शुल्क अर्जदारच देतो. ज्याचे मीठ खातो त्याच्याविषयी परखड लिहिणे माणसाला जड जाते. त्यावर उतारा एकच : स्थानिक माणसाचे डोळस वाचन.

येथे स्वभाषेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. २०२० च्या मसुद्याच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत प्रसिद्ध करावा असा आदेश दिला, तेव्हा केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकार आपल्या विचारांचे असले, तरी ती भूमिका आपल्याला पटण्यासारखी नव्हती, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ज्याच्या जमिनीविषयी निर्णय होतो, त्याला तो त्याच्या भाषेत वाचता यावा, ही मागणी स्वदेशीच्या विचारातूनच येते. सारांश मराठीत मिळतो. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो. आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी तो वाचून गावाला समजावून सांगावा, हे आज करता येण्यासारखे काम आहे.

तपासणीने प्रकल्प मरतो का?

‘या साऱ्यात प्रकल्प रखडतात’ हा आक्षेप मी टाळणार नाही. विलंब होतो, त्याचा भुर्दंड देशाला पडतो आणि काही मंडळी तो मुद्दाम घडवतात, हेही खरे. पण गोव्यातील मोपा विमानतळाचे उदाहरण पाहा. प्रारंभीच्या अर्जात आसपासची वने आणि संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती नीट दिली नव्हती, म्हणून २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला सांगितले. समितीने अधिकच्या अटी घातल्या, अर्जदाराने त्या मान्य केल्या, आणि जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याच विमानतळाचे उद्घाटन झाले. आज तो मनोहर पर्रीकरांच्या नावाने ओळखला जातो. अर्ज पहिल्यांदाच प्रामाणिकपणे भरला असता, तर तेवढाही वेळ गेला नसता. बहुतेक विलंबाचे मूळ तपासणीत सापडत नाही. ते लपवाछपवीत सापडते.

काम आधी आणि मंजुरी नंतर, असाही एक प्रघात पडला. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला मज्जाव केला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. उभे राहिलेले प्रकल्प पाडल्यास सार्वजनिक पैशाची हानी होईल, हा विचार त्यामागे होता. न्यायालयातील वाद न्यायालयात सुटेल. घरातला संस्कार मात्र स्पष्ट आहे. आपण पायाची कुदळ मारण्यापूर्वी भूमिपूजन करतो, खणण्याबद्दल भूमातेची क्षमा मागतो. इमारत बांधून झाल्यावर भूमिपूजन करणारा यजमान आपल्याला चालेल का? अथर्ववेदातील भूमिसूक्तात पृथ्वी माता आहे आणि आपण तिचे पुत्र. पंडित दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले, त्याच्या प्रकाशात आपण निसर्गाच्या शोषणाऐवजी दोहनाची भाषा बोलतो. दोहन करणारा गाईच्या वासराचा वाटा राखून ठेवतो. तो वाटा किती, हे ठरवण्याचे आधुनिक साधन म्हणजे परिणाम मूल्यांकन. कायदा परक्या देशातून आला म्हणून तो परका ठरत नाही. त्यामागची जाणीव आपल्या पूजाविधीत पूर्वापार आहे.

पाच कामे

शेवटी, प्रत्येक तालुक्यात करता येतील अशी पाच कामे सुचवतो.

पहिले, नोंदवही. गावातील दहा विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजून लिहून ठेवा. दोरी, दगड आणि वही एवढेच भांडवल लागते. तीन वर्षांची अशी वही कोणत्याही महागड्या अहवालाशी बरोबरी करील.

दुसरे, वाचन गट. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा कायदा शिकलेले पाच तरुण प्रत्येक तालुक्यात एकत्र यावेत. केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर अर्ज आणि मंजुऱ्यांची कागदपत्रे पाहता येतात. आपल्या जिल्ह्याचे नाव तेथे महिन्यातून एकदा शोधावे.

तिसरे, सुनावणीची तयारी. सूचना प्रसिद्ध होताच ग्रामसभेत मराठी सारांश वाचावा, मुद्दे वाटून घ्यावेत आणि प्रत्येकाने दोन मिनिटांत एकच मुद्दा मांडावा. महिलांनी आवर्जून बोलावे, कारण पाण्याचा हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. मुद्दे लेखीही द्यावेत आणि त्याची पोच घ्यावी.

चौथे, अटींवर लक्ष. मंजुरी मिळाली की अर्जदाराने ती स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर करायची आणि तिची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची असते. दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवालही द्यावा लागतो. झाडे लावल्याचे अहवालात असेल, तर जाऊन मोजावीत.

पाचवे, दाद. मंजुरी सदोष वाटली, तर तीस दिवसांत राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते. आपल्यासाठी त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. हा मार्ग अखेरचा समजावा. पहिली चार कामे नीट झाली, तर पाचव्याची वेळ क्वचितच येईल.

मित्रहो, सत्तेच्या शिखराजवळ असताना, वयाच्या साठीत राजकारण सोडून नानाजी गोंडा आणि चित्रकूटच्या खेड्यांत गेले. सरकार करील म्हणून वाट न पाहता समाजाने आपले काम आपण उचलावे, हे त्यांनी उर्वरित आयुष्य वेचून दाखवले. त्यांच्या जिल्ह्यात प्रकल्प यावेत, कारखाने यावेत, वेधशाळेत काम करणारे वैज्ञानिक याच मातीतून निपजावेत. त्या प्रत्येक प्रकल्पाच्या सुनावणीत पहिल्या रांगेत हातात वही घेतलेला, शांतपणे प्रश्न विचारणारा आपला कार्यकर्ता बसलेला दिसावा. प्रकल्प कोणाचाही असो, भूमी आपली आहे. तिच्या वतीने साक्ष देण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.

भारत माता की जय!